पहाटे साडेपाचची भेट

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, कल्याणचं रुक्मिणीबाई असो, नाहीतर घोडबंदर रोडवरचं एखादं खासगी इस्पितळ असो. पेशंट घरी निघतो तेव्हा नातेवाइकांच्या हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. गोळ्यांच्या नावांपुढे १-०-१, ०-०-१ असे आकडे. खाली चार सूचना: दर दोन तासांनी कूस बदलावी, वॉकर घेऊन चालावं, मीठ कमी, पंधरा दिवसांनी दाखवायला यावं. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही चुकीचं नसतं. मात्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक घर असतं. त्या घरात पलंगाच्या दोन्ही बाजूंनी फिरता येतं, संडासात कमोड असतो, इंग्रजी वाचणारं कुणीतरी असतं. शिवाय रात्री दोनला आणि चारला उठून कूस बदलणारं, तरीही सकाळची लोकल पकडावी न लागणारं एक माणूसही असतं.

ठाणे-कल्याण पट्ट्यात असं घर थोड्यांच्याच वाट्याला आलं आहे. २०११च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला, एक कोटी दहा लाखांचा. पालघर त्यातून वेगळा झाला तो २०१४ साली. एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. त्यांतली कितीतरी कुटुंबं तळमजला अधिक तीन मजल्यांच्या जुन्या इमारतींत राहतात. लिफ्ट नाही, जिना अरुंद, पहिल्या वळणावर कुणाची तरी सायकल. तिशीत घर घेतलेलं जोडपं आता पंच्याहत्तरीला आलं आहे. जिन्याच्या पायऱ्या तेवढ्याच आहेत.

कार्डावरच्या सूचना आणि हे घर यांची गाठ पडते तिथे नेमकं काय घडतं, हे शोधणं हा या प्रकरणाचा विषय. माणसाच्या हातापायांना, पाठीला, डोळ्यांना आणि आठवणीला झेपेल असं काम, असं साधन, अशी जागा कशी असावी याचा अभ्यास म्हणजे अर्गोनॉमिक्स. हे शास्त्र कारखान्यांत आणि विमानांच्या कॉकपिटमध्ये वाढलं, पुढे ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूत शिरलं. घराकडे मात्र ते उशिरा वळलं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने घरातल्या आरोग्यसेवेवर याच अंगाने सविस्तर अहवाल काढला तो २०११ साली. इस्पितळासाठी बनवलेली यंत्रं आता घरोघर जात आहेत, ती प्रशिक्षण नसलेली माणसं हाताळत आहेत आणि ज्या खोल्यांत ती चालवली जातात त्या मुळी त्यासाठी बांधलेल्याच नाहीत, अशी त्या अहवालाची चिंता होती.

त्याच्या बऱ्याच आधी, १९८५ साली, ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्रॉस या अभ्यासकांनी एक साधी पण दूरवर जाणारी गोष्ट मांडली होती. जुनाट आजार घरी सांभाळणारी माणसं तीन प्रकारचं काम करत असतात. पहिलं आजाराचं काम: गोळ्या, ड्रेसिंग, तपासण्या. दुसरं रोजच्या जगण्याचं: स्वयंपाक, पाणी, पैसे. तिसरं स्वतःच्या आयुष्याची विस्कटलेली घडी पुन्हा बसवण्याचं. आपल्याकडे या सगळ्याला 'सेवा' म्हणतात आणि तिथेच विषय संपतो. सेवेचं मोल मोठं आहेच. पण तिला काम मानलं की काही प्रश्न विचारता येतात. कोण करतं? किती वाकून? दिवसातून किती वेळा? एका हातात सिरिंज असताना दाराची बेल कोण वाजवतं?

हे प्रश्न घेऊन घरात जायचं तर कधी जायचं, यावर निम्मं काम अवलंबून असतं. सर्वेक्षण करणाऱ्यांना सकाळी अकराची वेळ सोयीची. त्या वेळी डोंबिवलीतल्या घरात काय दिसतं? आंघोळ झालेला पेशंट, बदललेली चादर, चहाचा कप आणि 'सगळं व्यवस्थित चालू आहे' हे उत्तर. खरं काम त्याआधीच उरकलेलं असतं. पाणी पहाटे येतं, मुलाला किंवा सुनेला सातला स्टेशनची वाट धरायची असते, म्हणून पेशंटला उठवणं, संडासला नेणं, अंग पुसणं, युरिन बॅग रिकामी करणं, साखर तपासणं हे सारं साडेपाच ते सात या दीड तासात कोंबलेलं असतं. दिवसभर घरी उरतात ती पेशंट आणि त्याच्याच वयाची बायको किंवा नवरा. दुसरी घाई रात्री नऊनंतर, माणसं लोकलने परतल्यावर. पहाटे साडेपाचला परक्याच्या घरी जाणं अवघड असतं, संकोचाचंही असतं. तरीही या शहरांत पहिली भेट ओळखीपुरती आणि दुसरी पहाटेची, हाच क्रम योग्य.

विचारून कळत नाही, याचं कारण लोक लपवतात असं नाही. रोजचं काम अंगवळणी पडतं आणि अंगवळणी पडलेलं सांगायचं सुचत नाही. पाठ दुखते का विचारलं तर सून म्हणते, 'नाही हो, आता सवय झाली.' तिला प्रत्यक्ष उचलताना पाहिलं की ती डावा गुडघा पलंगाच्या पट्टीला टेकवते, सासऱ्यांना बनियनच्या गळ्याला धरून वर खेचते आणि श्वास रोखून धरते, हे दिसतं. यातलं एकही वाक्य तिने मुलाखतीत सांगितलं नसतं.

पलंगावरून संडासापर्यंतचा प्रवासच पाहा. अंतर दहा-बारा फूट. पेशंट पक्षाघाताचा, उजवी बाजू लुळी. पलंग म्हणजे जुना दिवाण, खाली सामान भरलेलं, भिंतीला टेकवलेला, म्हणजे मदत करणाऱ्याला उभं राहायला एकच बाजू. ती नेमकी लुळ्या अंगाची असेल तर सगळा भार मदत करणाऱ्यावर. भाड्याने आणलेली व्हीलचेअर साधारण ६५ सेंटिमीटर रुंद आणि संडासाचं दार दोन-सव्वादोन फुटांचं. केंद्र सरकारच्या २०२१च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर सांगितली आहे. जुन्या इमारतींतल्या न्हाणीघरांना ती गाठणं शक्यच नाही. मग व्हीलचेअर दाराबाहेर थांबते आणि शेवटची तीन पावलं माणसाच्या खांद्यावर होतात. मध्ये उंबऱ्यासारखा दोन-तीन इंचांचा कट्टा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला. आत भारतीय पद्धतीचं भांडं, त्यावर कमोड चेअर. तिचे पाय भांड्याच्या दोन्ही बाजूंच्या फरशीवर नीट बसत नाहीत, म्हणून एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा. फरशी ओली.

अमेरिकेत थॉमस वॉटर्स या संशोधकाने २००७ साली परिचारिकांसाठी एक हिशेब मांडला. पेशंट सहकार्य करणारा असेल आणि परिस्थिती आदर्श असेल, तरी एका माणसाने हाताने पेलायचा भार ३५ पौंडांच्या, म्हणजे साधारण १६ किलोंच्या वर जाऊ नये. साठ किलोंच्या माणसाचा एक पायच नऊ-दहा किलोंचा भरतो. ओली फरशी, अरुंद दार आणि साडीचा ओचा सावरत उभी राहिलेली पन्नाशीची बाई, यात आदर्श असं काहीच नाही. हीच गोष्ट रुग्णसेवेसाठी ब्युरोमार्फत येणाऱ्या मावशींची. बारा तासांची ड्यूटी, घरागणिक वेगळा पलंग, वेगळी मोरी. इस्पितळात कामगाराची पाठ निदान कागदावर कुणाची तरी जबाबदारी असते. घरात मावशींची पाठ कुणाच्याच खात्यावर नसते. पेशंटचा अभ्यास करायला गेलेल्याने मावशींच्या कमरेकडे दुर्लक्ष केलं, तर त्याचा अभ्यास अर्धाच राहिला.

उपाय सुचवतानाही घर आधी ठोकून पाहावं लागतं, अगदी शब्दशः. भिंतीत आधाराची दांडी बसवा, हे सांगणं सोपं. जुन्या इमारतीतली आतली भिंत चार इंची विटेची असते, प्लास्टर पोकळ झालेलं असतं, आणि घर पागडीचं असेल तर भिंतीला भोक पाडण्यावरून मालकाशी वाद. वाईट बसवलेली दांडी नसलेल्या दांडीपेक्षा धोक्याची, कारण माणूस विश्वासाने तिच्यावर भार टाकतो.

सगळेच धोके असे डोळ्यांत भरत नाहीत. इन्शुलिनचा धोका सिरिंजच्या टोपणाच्या रंगात असतो. भारतात कुपीतलं इन्शुलिन बहुतेक वेळा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं; त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची. आता समजा पेन बिघडलं. घरात काडतूस आहे आणि जुनी लाल टोपणाची सिरिंजही आहे. मुलगा काडतुसातून त्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढतो. रेघ २० ची, पण आत गेलं अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. ठरलेल्या डोसच्या अडीचपट. उलटी चूक झाली, म्हणजे कुपीतलं औषध नारिंगी सिरिंजने घेतलं, तर त्याच २० च्या रेघेवर जेमतेम ८ युनिट पोटात जातात. कागदावर दोन्ही वेळा '२० युनिट दिलं' हीच नोंद होते. 'इन्शुलिन वेळेवर देता का?' या प्रश्नाने हे कधीच सापडत नाही. 'आज देताना मी बाजूला उभा राहू का?' असं विचारून, फ्रीज उघडून, टोपणाचा रंग आणि कुपीवरचा आकडा एकत्र वाचला की सापडतं. फ्रीज उघडला की आणखी एक गोष्ट दिसते: एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलेली कुपी. गोठलेलं इन्शुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरण्याजोगं राहत नाही.

इथे अभ्यासकाच्या धर्माचा प्रश्न येतो. निरीक्षकाने मध्ये पडू नये, असं पुस्तकं सांगतात. समोर अडीचपट डोस सिरिंजमध्ये भरला जात असताना गप्प बसणं हा मात्र गुन्हाच. काय दिसलं तर लगेच थांबवायचं, डॉक्टरांना कोणी कळवायचं आणि घरच्यांना अपराधी न वाटू देता ते कसं सांगायचं, हे घराची पायरी चढण्याआधी ठरलेलं असायला हवं.

निरीक्षणाच्या ताकदीचं एक सुंदर उदाहरण पुण्यातलं आहे. मिलेहा सोनेजी ही पुण्याची डिझायनर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकायला गेली. तिच्या काकांना पार्किन्सन्स झाला होता. एकेकाळचा हा गप्पिष्ट माणूस हाताच्या कंपामुळे चहा सांडेल म्हणून चारचौघांत चहा प्यायचं टाळू लागला. तिने कंप थांबवायच्या मागे न लागता कपाला हात घातला. वरची कड आत वळवली, म्हणजे हिंदकळलेला चहा पुन्हा कपातच पडतो. कप दिसायला इतरांसारखाच, कुणाच्याही हातात शोभेल असा. दुसरी गोष्ट तिला काकांच्या मागे-मागे घरभर फिरल्यामुळे दिसली. सपाट जमिनीवर पाय चिकटून बसणारे काका जिना मात्र सलग, न अडखळता उतरत होते. तिने पायऱ्यांचा आभास निर्माण करणारं चित्र जमिनीवर चिकटवलं आणि काका त्यावरून चालू लागले. २०१५ साली डेल्फ्टच्या टेडएक्स व्यासपीठावर तिने काकांच्या त्या चालण्याचं चित्रीकरण दाखवलं. जिना उतरता येतो आणि सपाटीवर चालता येत नाही, ही विसंगती क्लिनिकच्या सपाट खोलीत दिसली कशी असती? तिथे जिनाच नव्हता.

गडचिरोलीत हाच धागा फार मोठ्या प्रमाणावर विणला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियाचं निदान झोपडीतच करायचं ठरवलं. निदानाची खूण साधी, मिनिटाला श्वास किती. पण ज्या दाया आणि गावातल्या बाया हे करणार होत्या, त्यांच्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पन्नास-साठपर्यंत मोजणं तर दूरच. घड्याळ वाचायला शिकवण्यात वर्षं घालवण्याऐवजी साधन बदललं गेलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली की न्यूमोनिया. मोजणी दहाच्या पुढे जातच नाही. या न्यूमोनिया प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याच्या प्रयोगात तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आज देशभरात आशा ताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, त्या वेळापत्रकामागे या गावांतलं काम आहे.

शहरांत घरोघर जाण्याची सर्वांत मोठी वेळ करोनाने आणली. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर राबवलेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक अशी पथकं दिवसाला पन्नास घरांचं उद्दिष्ट घेऊन फिरली. ताप आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरने ऑक्सिजन तपासला गेला. ऑक्सिमीटर त्या वर्षी घराघरांत पोचला. थंडगार बोट, नेलपेंट, हलणारा हात, आकडा स्थिर व्हायच्या आत घाईने वाचणं, यातली प्रत्येक गोष्ट आकडा बिघडवते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की कृष्णवर्णीय रुग्णांत खालावलेला ऑक्सिजन ऑक्सिमीटरच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटतो. पन्नास घरांच्या उद्दिष्टात एकेका बोटापाशी थांबायला वेळ नव्हता. मोजायला गेलेली पथकं आणि पाहायला जाणारा अभ्यासक यांच्यातला फरक तिथे आहे.

पाहणाऱ्याला घराचे रिवाजही पाळावे लागतात. चपला बाहेर, हे सांगायला नको. स्वयंपाकघरातच मोरी असेल आणि ओट्याशेजारी देवघर, तर कुठे उभं राहायचं आणि फोटोत काय येऊ द्यायचं, हे आधी विचारायचं. एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही. सासूबाईंच्या पलंगाशेजारी बसून सुनेला 'त्रास होतो का?' विचारणं हा तिच्यावर अन्याय आहे; ती बोलते खाली भाजी आणायला निघाल्यावर, जिन्यात. संमतीपत्रावर घरातल्या कर्त्याने सही केली म्हणून पेशंटची संमती मिळाली असंही होत नाही. ज्याचं अंग उघडं पडणार आहे त्यानेच हो म्हणायला हवं, आणि आंघोळीच्या वेळी 'आता बाहेर थांबा' म्हणायचा त्याचा हक्क कायम राहायला हवा. पाहुणे येणार म्हणून घर आवरलं जातं हीदेखील अडचणच. पलंगाला बांधलेली ओढणी, जिला धरून आजी स्वतःच उठून बसतात, ती आवरण्यात सोडून ठेवली जाते, आणि अभ्यासकाला नेमकी तीच पाहायची असते.

घराबाहेर पडलं की इमारत आणि गल्ली येते. किडनी निकामी झालेल्या रुग्णाला पोटातून करायचं डायलिसिस घरी करता येतं, लोकलने सेंटरला जावं लागत नाही. कागदावर हा उपाय उपनगरांसाठीच बनवल्यासारखा वाटतो. दिवसातून चार वेळा दोन-दोन लिटरच्या पिशव्या, म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, २४० लिटर द्रव. तो तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार आणि वन रूम किचनमध्ये ती खोकी कुठे रचणार? तसंच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं. वीज गेली की तो बंद, इन्व्हर्टर असला तरी त्यावर तो चालेल याची खात्री नाही, आणि भरलेला जंबो सिलिंडर जिन्यावरून चढवायला दोन तरणी माणसं लागतात. ही उत्तरं शेजारपाजारात असतात. वॉचमनकडे, वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलाकडे, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याकडे, जो पेशंटला खुर्चीसकट खाली आणतो. एका पेशंटच्या घराचा नकाशा काढायचा तर तो दारापाशी संपवता येत नाही.

ठाणे आणि डोंबिवलीत ज्ञानाचा आणखी एक साठा पडून आहे. अनेक मंडळं आणि सेवाभावी संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं चालवतात. अनामत भरायची, फाउलर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, एअर बेड न्यायचे, गरज संपली की परत. तिथल्या वहीत काय गेलं आणि कधी आलं याच्या तारखा असतात. कोणती वस्तू चार दिवसांत परत आली, हे त्या वहीतून काढलं तर कोणतं साधन घरात शिरलंच नाही किंवा बसलंच नाही याची यादी हाती येते. परत आलेल्या वस्तूही बोलतात. वॉकरच्या एकाच पायाचा रबरी बूट झिजलेला असला तर पेशंट कोणत्या बाजूला कलून चालत होता ते कळतं. कमोड चेअरच्या हातांना सुती पट्टी गुंडाळलेली असली तर ओल्या हातातून ते निसटत होते. फाउलर बेडचं डोक्याकडचं हँडल घासून गुळगुळीत आणि पायांकडचं गंजून घट्ट, असं वरचेवर दिसलं तर पायांकडची बाजू कुणी फिरवतच नव्हतं. ते का, हे विचारायला पुन्हा त्या घरी जावं लागेल, आणि पलंग पुढच्या कुटुंबाकडे पाठवण्याआधी त्या हँडलला तेल द्यावं लागेल.